ज्याला आणायचं त्याला विचारणार कोण?

गेल्या दिवाळीपासून एकच काळजी माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतेय. "ताई, असल्या जगात मूल आणणं बरोबर आहे का?" पूर्वी जोडपी यायची ती मूल होत नाही म्हणून, नाहीतर झालंय पण सांभाळणं जमत नाही म्हणून. आता येतात त्यांच्या नोकऱ्या चांगल्या, तब्येती ठीक, घरचे मागे लागलेले आणि तरी पाऊल अडलेलं. घरातले मोठे याला नखरे म्हणतात. मी नाही म्हणत. इंदूरला 24 वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, इतका प्रामाणिक प्रश्न माणूस स्वतःला क्वचितच विचारतो.

मधुराची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने, नाव आणि तपशील बदलून. वय 31, आयटीत नोकरी, लग्नाला पाच वर्षं. सासूबाईंनी गोड बोलून, रडून, नवस बोलून सगळं करून झालेलं. रामबागेतल्या माझ्या खोलीत ती पहिल्यांदा आली तेव्हा खाली कचरागाडीचं गाणं वाजत होतं, ते लांब जाईपर्यंत गप्प बसली आणि मग एकदम म्हणाली, "मी वेडी नाहीये, मी वाचून आलेय."

खरंच वाचून आली होती. डेव्हिड बेनाटर नावाचा दक्षिण आफ्रिकेतला तत्त्वज्ञ आहे, 2006 साली त्याने पुस्तक लिहून मांडलं की जन्माला घालणं हे त्या जिवाचं नुकसानच असतं. युक्तिवाद थोडक्यात असा, मंगळावर कुणी दुःख भोगत नाही हे चांगलंच आहे, पण तिथे कुणी सुखात नाही म्हणून आपण हळहळत बसत नाही. म्हणजे न जन्मलेल्याचं दुःख टळतं तो फायदा आणि सुख हुकतं ते मात्र नुकसान नाही, कारण हुकायला कुणी नसतंच. 2019 साली मुंबईच्या एका तरुणाने आपल्याला न विचारता जन्म दिला म्हणून आईवडिलांवर केस करणार असं जाहीर केलं होतं (आईवडील दोघं वकील!), ती बातमीही तिने जपून ठेवलेली.

मी आधी सरळ विचारलं, "तुला स्वतःला जगणं नको वाटतं का?" असं विचारायला घाबरायचं नसतं. ती म्हणाली, "नाही ताई, मला जगायला आवडतं. पण सुरू झालेलं जगणं चालू ठेवणं वेगळं आणि नवीन सुरू करणं वेगळं." हा फरक बेनाटरनेही केलाय, त्यामुळे मला हायसं वाटलं. तुमच्यापैकी कुणाला मात्र "मीच नसते तर बरं" असं दिवसेंदिवस वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. ती गोष्ट वेगळी, तिला तत्त्वज्ञान समजून अंगावर काढू नका.

पहिल्या काही भेटी वादातच गेल्या. मी म्हटलं, बेशुद्ध पेशंटचं ऑपरेशनही आपण त्याला न विचारता करतोच की. ती लगेच, "न केलं तर पेशंटचं नुकसान होतं म्हणून करतो. न जन्मलेल्याचं काय नुकसान होणार होतं?" बरोबर होतं तिचं, मी मान्य केलं. परवानगीच्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बेनाटरचं सगळंच मला पटतं असं नाही. तो म्हणतो माणसं आपलं आयुष्य असतं त्यापेक्षा बरं समजतात. समजत असतील. पण मग ज्याचं आयुष्य त्याच्याकडून बरंवाईट ठरवायचा हक्क काढून घेऊन तो द्यायचा कुणाला? मधुराला हे आवडलं, वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या भेटीला ती जशीच्या तशी अडकलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाद जिंकून काही होणार नाही.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारात झालीय, आपले हट्टी आग्रहच आपल्याला त्रास देतात असं तो सांगायचा. 'हवं' आणि 'हवंच' यातल्या त्या 'च'वर माझे कान असतात. मधुराच्या बोलण्यात तो होता, "त्याला दुःख होणार नाही याची खात्री हवीच." पण हा 'च' आला कुठून ते काही केल्या कळेना.

मग एका भेटीत तिने कागद आणला, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला, मधे रेघ. डावीकडे 'हो' खाली सात कारणं, उजवीकडे 'नाही' खाली चौदा. मी पेन्सिल दिली, म्हटलं, प्रत्येक कारणापुढे लिही, हे कुणासाठी?

डावीकडचं तिने भराभर लिहिलं. वंश पुढे चालेल, सासरे. घरात करमेल, सासूबाई. म्हातारपणी कुणीतरी असेल, आम्ही. नात्यात गोडवा येईल, नवरा. सातही झाली आणि ती माझ्याकडे बघत राहिली. "एकही त्याच्यासाठी नाही."

"असूच शकत नाही," मी म्हटलं. "जो नाहीये त्याच्यासाठी काही करता येत नाही. मूल नेहमी आपल्यालाच हवं असतं, यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरी बाजू कर."

उजवीकडे सगळीकडे तिने 'बाळ' लिहीत नेलं. हवा, पाण्याची टंचाई, नोकऱ्यांची मारामारी, बाळ, बाळ, बाळ. चौदावी ओळ होती, 'त्याला माझ्यासारखं वाटलं तर?' पेन्सिल तिथे थांबली. किती वेळ थांबली सांगता येणार नाही, मी बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरायची असते आणि तेच सगळ्यात अवघड. मग तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'मी'. आणि रडली.

तिची आई लहानपणापासून तिला म्हणायची, "तुझ्यासाठी राहिले गं मी या घरात, नाहीतर केव्हाच गेले असते." वडील तापट, दारू नाही पण हात उचलणारे. म्हणजे वयाच्या सहासात वर्षांपासून या मुलीच्या डोक्यावर आईच्या अख्ख्या आयुष्याचं कर्ज, आणि ते तिने मागितलेलंही नव्हतं. "मला न विचारता" हे शब्द तिच्याकडे पुस्तकातून आलेच नव्हते, पुस्तकाने त्यांना फक्त अंगरखा दिला.

आपल्याकडे पितृऋण म्हणतात, मूल झालं की पूर्वजांचं ऋण फिटतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उमजलं की आपण हा हिशेब उलटा मांडत आलोय. मागितल्याशिवाय ज्याला आणलं त्याचं देणं आपल्याकडे लागतं, आपलं त्याच्याकडे नाही. तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याला हेच सांगते, आणि याने फरक पडतो हे मी पाहिलंय.

तिचा नवरा आला, सज्जन माणूस. म्हणाला, "मला वाटायचं बाळ आलं की ही मोकळी होईल." मी म्हटलं, "म्हणजे जन्माआधीच तुम्ही त्याला कामाला लावलंत." तो बराच वेळ बोलला नाही आणि मग म्हणाला, "हे माझ्या आईनेही माझ्याबाबतीत केलंय."

मधुराने आईला विचारलं. मी सुचवलं नव्हतं, तिचं तिने. घरी, मेथी निवडताना. आई मान खाली घालून म्हणाली, "तुझ्यासाठी कसली राहते? जायला जागा नव्हती मला. माहेरी भावजय, हातात नोकरी नाही. कुणी विचारलं की तुझं नाव पुढे करायचे, तेवढंच बरं वाटायचं." हे सांगताना मधुरा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 25 वर्षं फेडत होती ते कर्ज तिच्या नावावर नव्हतंच.

तुम्ही याच प्रश्नात असाल तर कागद घ्या आणि हेच करा, दोघांनी वेगवेगळा. डाव्या बाजूची नावं बघून लाजू नका, फक्त ती बाळाच्या खांद्यावर जाणार नाहीत हे बघा. उजवीकडे कुठे आपलंच नाव लपलंय का ते शोधा. ते काढल्यावरही 'नाही' उरलं तर तो तुमचा विचार आहे, त्याचा मान ठेवा, आणि सासूबाईंना नवऱ्याने सांगावं, सुनेने नाही. ज्यांना आधीच आलेल्या मुलाचं आईबाप व्हावंसं वाटतं त्यांना दत्तकाचा रस्ता आहे, सरकारी नियमाने जोडप्याचा किमान दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो. पण दत्तकालाही तीच पेन्सिल लावा.

लोक विचारतात, मग मधुराला मूल झालं का? नाही. तिचं उत्तर 'नाही'च आहे असंही नाही. चौदापैकी नऊ कारणं तिने स्वतः खोडली, पाच ठेवली, त्यात पाण्याचं आहे. शेवटच्या ओळीपुढचं 'मी' तिने खोडलं नाही, त्याच्या बाजूला पुढच्या अक्षय तृतीयेची तारीख घातली, तेव्हा दोघं हाच कागद घेऊन परत बसणार आहेत. सासूबाईंना नवऱ्याने तेवढंच सांगितलंय.