धामण मारू नका, बांधावर फोरेट टाकू नका

प्रश्न : गव्हात आणि उसाच्या खोडव्यात उंदीर फार झालेत. बांधावर सहा-सात फुटी धामण फिरते. ती नागाची मादी आहे, म्हशीचं दूध पिते, असं घरचे म्हणतात. दुकानदार म्हणतो, बांधावर फोरेट टाका, साप-उंदीर दोन्ही जातील. काय करावं?

उत्तर : फोरेट हे जहाल कीटकनाशक, ते टाकू नका. 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्या विक्रीवर आणि वापरावर देशभर बंदी आहे. तरीही कोणी काउंटरखालून देत असेल तर घेऊ नका. साप पळवणारं औषध कुठल्याच दुकानात नसतं. फिनेल नाही, गंधक नाही, फोरेट तर नाहीच. फोरेटने मरतात ती कुत्री आणि पाखरं, आणि टाकणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकतं.

धामण नागाची मादी नाही. नागाची मादी नागच असते, तिलाही फणा असतो. नाग इलापिडी कुळातला, विषारी. धामण कोलुब्रिडी कुळातली, शास्त्रीय नाव टायास म्युकोसा, बिनविषारी. लिनिअसने 1758 सालीच तिची नोंद केली आहे. ओळख सोपी आहे : मान बारीक, डोळे मोठे, बाहुली गोल, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळी जाळीदार नक्षी. ती दिवसा फिरते. कोंडीत सापडली की मान फुगवून गुरगुरते आणि चावतेही, पण विष नाही. उभ्याने एकमेकींना पीळ घालणाऱ्या दोन धामणी दिसल्या तर ते बहुधा झुंजणारे दोन नर असतात. शुभ मानून तिथे कापड टाकायला जाऊ नका.

दुधाचं म्हणाल तर तिचे दात आत वळलेले असतात आणि तिला चोखता येत नाही. असे दात सडाला लागल्यावर म्हैस गप्प उभी राहील का? दूध घटलं असेल तर कासदाह तपासून घ्या. धामण गोठ्यात येते ती उंदरांमागे. उंदीर बिळात शिरला तरी ती मागोमाग आत जाते, हे काम ना मांजराला जमत ना घुबडाला. जिथे धामणी मारल्या त्याच शिवारातून उंदरांच्या तक्रारी येतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

आता उंदरांचं. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं, आमिष तिथेच. आधी दोन दिवस बिनविषारी आमिष द्या, मग झिंक फॉस्फाइडचं : 96 भाग भरडलेलं धान्य, 2 भाग गोडेतेल, 2 भाग औषध. दोनच भाग! दुकानदार पाच सांगेल, ऐकू नका. जादा डोसने उंदीर वासानेच सावध होतो, आमिष सोडतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्याकडे फिरकत नाही. पावसात किंवा ओल्या जमिनीत टाकू नका, औषध वाया जातं आणि विषारी वायू सुटतो. हाताने कालवू नका, काठी वापरा. यावर उतारा नाही. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा, नाहीतर ते कुत्र्या-घुबडांच्या आणि धामणीच्या पोटात जातील.

एकट्याच्या शेतात केलेलं वाया जातं, शेजारचे उंदीर आठवड्यात येतात. मे महिन्यात, शेतं मोकळी असताना, सगळ्या शिवाराने एकाच दिवशी बिळं खणा. विषापेक्षा माझा भर यावरच आहे. बांध मात्र पेटवू नका. धामणीची अंडी तिथल्याच बिळांत आणि पाल्यात असतात.

भाजीच्या मळ्याला नायलॉनची जाळी लावली असेल तर तिचा खालचा काठ वीतभर वर घ्या. धामण त्यात अडकून मरते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तिला संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे.

रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच, कारण घोणस आणि मण्यार हे विषारी सापही याच शिवारात आहेत. साप चावला तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, 30 दिवसांच्या आत.