पाणी आलं, यात बातमी काय?

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांवर काम करणाऱ्यांच्या बातम्या आणि त्यांचे सन्मान, या विषयावर आलेली पत्रं संपादकांनी या खेपेला माझ्याकडे ढकलली आहेत. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं केमिस्ट होते आणि त्यातली शेवटची ११ वर्षं कर्मचाऱ्यांचं चार पानी वार्तापत्रही माझ्याच गळ्यात होतं. जे सांगते ते तेवढ्याच अनुभवावर.

प्रश्न : आमच्या योजनेचं मासिक वार्तापत्र माझ्याकडे आलं आहे. बदल्या, बढत्या, सेवानिवृत्ती संपली की पान रिकामं. पंपहाऊसला फोन केला तर 'सगळं नॉर्मल आहे' एवढंच उत्तर. पाणी रोजच्यासारखं आलं, यात बातमी काय शोधायची?

फोन करू नका, जा. आणि 'विशेष काय?' असं चुकूनही विचारू नका. त्या प्रश्नाला 'काही नाही' याखेरीज उत्तर नसतं. मी विचारायचे, 'काल रात्री कशाकशाला हात लावलात?' मग माणूस बोलू लागतो.

एकदा लॉगबुकच्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ दिसली : 'पंप २, ग्लँड कोरडी, हाताला गरम, नट सैल केले.' वेळ रात्रीचे दोन चाळीस. बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण पंपाचा दांडा जिथून आत जातो तिथे, म्हणजे ग्लँडमध्ये, पॅकिंग भरलेलं असतं आणि त्यातून पाण्याचे थेंब सतत पडत राहावे लागतात. त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. थेंब थांबले की पॅकिंग जळतं, दांड्यावरची स्लीव्ह खरवडली जाते आणि पंप उघडावा लागतो. म्हणजे इथे गळणारा पंप चांगला, न गळणारा बिघडलेला. आदल्या दिवशी वरिष्ठांची पाहणी होती, जमीन कोरडी दिसावी म्हणून कोणीतरी ते नट आवळून ठेवले होते. कोणी, ते मला माहीत होतं, छापलं मात्र नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरने फेरी मारताना थेंबांचा आवाज नाही हे ओळखलं, हात लावला, दोन्ही नट सारखे थोडे थोडे सैल केले, थेंब सुरू झाल्यावर परत दहा मिनिटं तिथेच उभा राहिला. सकाळी पाणी वेळेवर गेलं.

सहा ओळींची बातमी झाली. त्या अंकाच्या प्रती पहिल्यांदाच कमी पडल्या. बाकी पंपहाऊसमधून फोन आले की आमच्याकडेही असं होतं, आमचंही लिहा. तुमचं पान तिथून भरायला लागेल.

प्रश्न : माझे बाबा व्हॉल्व्हमन आहेत. कॉलेजात कोणी विचारलं तर मी 'पाणीपुरवठ्यात आहेत' एवढंच सांगते. एकदा मैत्रीण हसून म्हणाली, चावीच तर फिरवायची असते! मला उत्तर देता आलं नाही. काय सांगायला हवं होतं?

तिला सांग, चावी कोणीही फिरवेल, प्रश्न किती वेळात फिरवायची याचा आहे.

भरलेल्या नळातलं पाणी म्हणजे लांबलचक, जड, धावती वस्तू. ती एकदम अडवली की दाबाची लाट उठते आणि लोखंडी नळातून सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने मागे जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी झटक्यात थांबवलं तर तिथला दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका चढतो. नेहमीच्या दाबाच्या वर, जादा. रशियात निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये हे गणित मांडलं. पुढे त्यांचं नाव विमानविद्येत मोठं झालं, पण आमच्या लेखी ते पाणीवाले.

आता बाबांचे हात बघ. स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे नळात खाली-वर सरकणारा दरवाजा, बंद करताना सुरुवातीचे बरेच आटे फिरवले तरी पाणी फारसं कमी होत नाही. खरं पाणी अडतं ते शेवटच्या थोड्या आट्यांत. नवखा माणूस सुरुवातीला दमतो आणि शेवटी घाई करतो, नेमकं उलटं. जुना व्हॉल्व्हमन सुरुवातीला सरासर फिरवतो आणि शेवटी चावीवर हात ठेवून थांबतो, अर्धा आटा देतो, परत थांबतो. लाइन तीन किलोमीटर लांब असेल तर लाट टोकाला जाऊन परत यायला सहा सेकंद लागतात. त्याच्या आत दरवाजा मिटला तर तो धाडकन मिटल्यासारखाच. उघडतानाही तसंच. रिकाम्या लाइनमध्ये हवा असते, तिला एअर व्हॉल्व्हमधून निघायला वेळ द्यावा लागतो.

आमच्याकडे एक व्हॉल्व्हमन होते, ते आटे तोंडाने मोजत नसत, एकेका व्हॉल्व्हला किती आटे ते खिशातल्या डायरीत लिहिलेलं असे. कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो तेही. ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, डायरी मात्र कोणी मागून घेतली नाही. पुढे नवीन माणसाने एका उलट्या व्हॉल्व्हवर जोर लावला आणि दांडाच तुटला. तुझ्या बाबांकडे अशी डायरी असेल. एकदा बसून बघ.

प्रश्न : आमच्याकडे यंदापासून 'शून्य तक्रार, शून्य त्रुटी' पुरस्कार द्यायचं ठरतंय. ज्या केंद्राच्या नोंदीत वर्षभर एकही दोष नाही त्याला ढाल. आपलं मत?

देऊ नका. याबाबतीत मी हट्टी आहे.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे, सुमारे पाच हजार वस्तीचं. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, गुरांच्या शेणखतातले जिवाणू एका विहिरीत उतरले आणि सात माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. चौकशीत निघालं की तिथे पाण्यात उरलेल्या क्लोरीनचे आकडे वर्षानुवर्षं न मोजताच लिहिले जात होते. ०.५ नाहीतर ०.७५. वही अगदी निर्दोष होती. रोज प्रत्यक्ष मोजलं असतं तर बरंच आजारपण टळलं असतं, असं चौकशी अहवालात नोंदलं आहे.

निर्दोष वहीला ढाल लावली की तुम्ही काय विकत घेताय ते कळलं ना? मी प्रयोगशाळेत असताना खरी वही हाताने ओळखायचे. क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी पाण्याच्या नळीत टाकल्यावर गुलाबी रंग येतो, तो उजेडात तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. लिहिणाऱ्याची बोटं ओली असतात. पानाचा कोपरा फुगतो, शाई थोडी पसरते. आकडे ०.६, ०.४, ०.५, ०.७ असे हलतात, कारण कच्चं पाणी रोज सारखं नसतं आणि दिवस चढला की क्लोरीन जास्त खपतो. उलट महिनाभर ०.५, एकाच पेनाने, पान कोरडं ठणठणीत, म्हणजे महिन्याच्या अखेरीला एका बैठकीत बसून केलेला अभ्यास.

बक्षीस द्यायचंच असेल तर ज्याने वाईट आकडा लिहिला आणि लगेच फोन केला त्याला द्या. आमच्याकडे एका पहाटे टोकाच्या नळावर ०.१ आला. पोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायला हवा. तिथल्या मुलाने तेच लिहिलं, परत तपासलं, परत तेच लिहिलं आणि मला झोपेतून उठवलं. डोझर, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र, तुंबला होता. वरून त्याला पहिला प्रश्न आला, 'दुसऱ्यांदा नीट बघून लिहायचं होतंस.' वार्तापत्रात मी त्याचा फोटो छापला, वहीच्या त्या पानासकट. मला त्यावरून बोलणी बसली, ती वेगळी गोष्ट.

प्रश्न : क्लोरीनची गळती झाली तेव्हा आमचे दोन सहकारी मास्कशिवाय आत शिरले आणि सिलिंडर बंद केला. त्यांना शौर्य पुरस्कार मिळावा अशी मागणी आहे.

दोघं सुखरूप आहेत ना, तर आधी त्यांची नीट तपासणी करून घ्या. क्लोरीनचा त्रास काही तासांनीही वाढतो. मग त्यांचे मनापासून आभार माना. पण पुरस्कार देताना पुढच्या गळतीच्या वेळी हजर असणारा नवा मुलगा तो वाचणार आहे, हे ध्यानात ठेवा. हा वायू हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत साचतो. वाकून व्हॉल्व्ह शोधणारा नेमका त्यातच तोंड घालतो.

मास्क का नव्हता, ही खरी बातमी. बहुतेक ठिकाणी हवेची टाकी असलेला श्वसनसंच असतो, पण कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सुटीवरच्या भांडारपालाकडे. ते कपाट कोणी उघडं करून खोलीच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणून लावलं, तर माझ्या हिशेबी शौर्य ते.

प्रश्न : ठेकेदाराकडच्या माणसांची नावं वार्तापत्रात घ्यावीत का? आस्थापना शाखा म्हणते, ते आपल्या मस्टरवर नाहीत.

घ्या. नळाला मस्टर कळत नाही. मी पहिली दोन वर्षं 'आणि इतर कर्मचारी' असं लिहायचे, मग एक फिटर अंक घेऊन आला, त्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाला, 'मॅडम, यातला मी कोणता?' तेव्हापासून नाही लिहिलं.

प्रश्न : पाणीपुरवठ्यातल्या माणसांच्या नावाने जगात काही पुरस्कार आहेत का? आमच्या पुरस्काराला कोणाचं नाव द्यावं असा विचार चालू आहे.

आहेत. अमेरिकेत पाणीपुरवठावाल्यांची संघटना १८८१ मध्ये स्थापन झाली, तिचा जॉर्ज वॉरन फुलर पुरस्कार १९३७ पासून आहे. फुलर मोठे अभियंते होते, वाद नाही. पण त्यांच्यासोबतचे डॉ. जॉन लील मला जास्त जवळचे वाटतात. जर्सी सिटीच्या पाण्यावरून खटला चालू असताना पाण्यात क्लोरीन घालायचा निर्णय लील यांचा, आणि यंत्रणा उभारली फुलर यांनी, ९९ दिवसांत. २६ सप्टेंबर १९०८ ला ती सुरू झाली. पाण्यात 'केमिकल' घालणं तेव्हा लोकांना विष कालवण्यासारखं वाटायचं. दोघांपैकी ढालीवर आधी कोणाचं नाव लागलं, बघा.

तुमच्याकडे मात्र एवढ्या लांब जायची गरज दिसत नाही. तुमच्याच लाइनवरच्या एखाद्या जलकुंभाचं किंवा पंपहाऊसचं नाव द्या, माणसं तिथलीच आहेत.

प्रश्न : २२ मार्चला जागतिक जलदिनी सकाळी अकरा वाजता गौरव समारंभ ठेवला होता. आठपैकी पाच सत्कारमूर्ती आलेच नाहीत. त्यांना या सगळ्याची किंमत नाही, असं साहेबांचं मत झालं आहे.

साहेबांना शिफ्टचा तक्ता दाखवा. ज्यांना सन्मान मिळतो ते बहुधा ज्यांच्यावाचून अडतं तेच असतात, आणि म्हणून त्यांना सोडत नाहीत. आलेल्या तिघांत कार्यालयातले किती होते तेही मोजा.

आमच्याकडेही हेच झालं होतं. मग आम्ही समारंभ शिफ्ट बदलायच्या वेळी, पंपहाऊसच्या आवारात ठेवू लागलो. तरी पहिल्या वर्षी एक मानपत्र राहिलंच, त्या ग्लँडवाल्या ऑपरेटरचं. मी स्वतः घेऊन गेले. तीन पंप चालू होते, कोणाचा शब्द कोणाला ऐकू येत नव्हता. मी दोन वाक्यं ओरडून वाचली आणि सोडून दिलं. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, ओळीखाली बोट ठेवून पूर्ण वाचला. मग मला बाहेर, झाडाखाली घेऊन गेले. मला वाटलं, आभार मानणार.

म्हणाले, 'मॅडम, त्या रात्री टाकीची पातळी तीन पॉइंट दोन लिहिलीय तुम्ही. तीन पॉइंट चार होती.'

पुढच्या अंकात दुरुस्ती छापली.