दुसरी गाडी बहुतेक वेळ उभीच असते

प्रश्न : ताई, रोजच्या वापराला माझ्याकडे लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणारी), फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल आहे आणि ती राहणारच आहे. जोडीला एक जुनी एअर-कूल्ड (वाऱ्याने थंड होणारी) घ्यायची आहे. तीन पाहून ठेवल्यात. पहिली १९७१ची ट्रायम्फ बॉनव्हिल : नवा रंग, नवं क्रोम, मालक म्हणतो ‘फुल रिस्टोअर’. दुसरी १९७६ची होंडा सीबी ७५० : किलोमीटर अगदी कमी, पण दहा-बारा वर्षं झाकून ठेवलेली. तिसरी १९७५ची बीएमडब्ल्यू आर ७५/६ : लाखाच्या वर चाललेली, रंग उडालेला, इंजिनाखाली तेलाचा ओलावा, मालक अजूनही चालवतो. मन ट्रायम्फवर आहे. काय करू?

उत्तर : मन कुठे आहे ते पत्रातल्या क्रमावरूनच कळलं. मी असते तर तिसरी घेतली असती.

जोडीला घेतलेली गाडी वर्षातले बरेच दिवस उभी राहते, आणि जुन्या गाडीचं वाटोळं चालवण्यापेक्षा उभं राहण्याने जास्त होतं. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बाउलमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि पायलट जेटचं, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणारं केसाएवढं भोक बुजतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, टाकी आतून गंजते. ब्रेक ऑइलही हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि कॅलिपरचा (डिस्क दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन अडकतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून गेलं की पिस्टनच्या रिंगा जिथे टेकलेल्या असतात तिथेच गंज धरतो. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही.

म्हणून होंडाच्या ‘कमी किलोमीटर’ला मी फारशी किंमत देत नाही. गाडी वाईट नाही, उलट १९६९ साली याच मॉडेलने ओळीतले चार सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. पण चार सिलिंडर म्हणजे चार कार्ब्युरेटर, तेही एकमेकांशी जुळवलेले हवेत. हेड (सिलिंडरचा वरचा भाग) उघडायची वेळ आली तर अख्खं इंजिन चेसिसमधून उतरवावं लागतं. तरी घ्यायचीच असेल तर मालकाला ‘जरा बॅटरी लावून स्टार्ट करून दाखवतो’ असं करू देऊ नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर थांबायचं आणि मग क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) हाताने, पान्याने फिरवून पाहायचा. अडखळला तर तिथेच नमस्कार करून निघायचं.

आता तुमची लाडकी ट्रायम्फ. ‘रिस्टोअर’ म्हणजे नेमकं काय केलं, हे रंगावरून समजत नाही. क्रँकच्या बेअरिंगची, पिस्टनची, व्हॉल्व्ह गाइडची (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्यांची) बिलं मागा, इंजिन उघडं असतानाचे फोटो मागा. ते नसतील तर तुम्ही फक्त रंगकामाचे पैसे मोजताय असं समजा. १९७१पासून या गाडीचं ऑइल वेगळ्या टाकीत न ठेवता चेसिसच्याच जाड नळीत ठेवलेलं आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल पंपातल्या बॉल व्हॉल्व्हमधून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी उतरतं. मग पातळी कमी दिसते, नवा मालक घाबरून वरून ऑइल ओततो, आणि स्टार्ट केल्यावर पंप खालचं सगळं वर पाठवतो, म्हणजे ऑइल जास्त होतं. पातळी इंजिन थोडं चालवल्यावरच बघायची. आणि हो, हिचं वायरिंग पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं. बॅटरी सवयीने उलटी लावलीत तर खर्च तुमचा.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. १९७१च्या बॉनव्हिलचे गिअर उजव्या पायात आहेत आणि मागचा ब्रेक डाव्या. ही तुमची एकुलती एक गाडी असती तर आठवड्याभरात पाय रुळला असता. तुम्ही मात्र सोमवार ते शुक्रवार डाव्या पायाने गिअर टाकणार आणि रविवारी उलट. शांत रस्त्यावर काही अडचण येत नाही. अचानक समोर कोणी आलं की पाय विचार करत नाही. ब्रेक म्हणून जोरात दाबला जातो तो गिअर. त्यात पुढे ड्रम ब्रेक, म्हणजे हाताने कसर भरून काढायची सोयही बेताची. अशा दोन गाड्या वर्षानुवर्षं आलटून पालटून नीट चालवणारे लोक आहेत, पण ते दर आठवड्याला दोन्ही चालवतात. ट्रायम्फच हवी असेल तर १९७०च्या दशकाच्या मधल्या वर्षांनंतरची, डाव्या गिअरची ७५० सीसी बघा.

बीएमडब्ल्यू का? तर ती चालू आहे. हा एकच गुण माझ्यासाठी पन्नास टक्के आहे. सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे वारा थेट लागतो आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला स्टुलावर बसलं की झालं. शाफ्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मागचं चाक दांड्याने फिरतं, चेनची कटकट नाही. तेलाच्या ओलाव्याला घाबरू नका, थेंब कुठून येतो तेवढं पाहा. पुशरॉड ट्यूबच्या (सिलिंडरखालच्या नळीच्या) रबरापाशी असेल तर किरकोळ. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा ऑइल पंपाच्या झाकणाचं ओ-रिंग. क्लच कोरडा आहे, तो भिजला की घसरतो, आणि कामासाठी गिअरबॉक्स काढावा लागतो. (कधीतरी तो काढायचाच असतो, क्लचच्या स्प्लाइनला (दांड्यावरच्या दात्यांना) ग्रीस लावायला. मालकाने शेवटचं कधी लावलं ते विचारा. गोंधळला तर भाव कमी करा.)

पाहायला जाताना निरोप द्या की गाडी आधी गरम करून ठेवू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. गरम लागला तर मालक काहीतरी लपवतोय किंवा फार उत्साही आहे. दोन्हींत परत यायचं. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागलाच पाहिजे. या गाडीत आल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) रोटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातून मिळतो, बल्ब गेला तर चार्जिंगच बोंबलतं. मग मल्टिमीटर लावा : इंजिन फिरवल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट हवेत. सुरू होताना निळा धूर क्षणभर आला तर व्हॉल्व्ह गाइड, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंगा. स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाच लागली तर स्टिअरिंगची बेअरिंग गेली. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. इंजिन आणि चेसिसचे नंबर कागदांशी स्वतः ताडून पाहा, मालकाला वाचून दाखवू देऊ नका.

घेतल्यावर एक लक्षात ठेवा : इंजिनाचं पुढचं झाकण काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. आत डायोड बोर्ड (आल्टरनेटरचा करंट बॅटरीजोगा करणारा भाग) आहे आणि तिथे सतत करंट असतो.

प्रश्न : माझी जुनी एअर-कूल्ड गाडी मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो. पुरे ना?

उत्तर : पुरे तर नाहीच, त्यापेक्षा न केलेलं बरं. इंधन जळलं की पाण्याची वाफ होते. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर इतके तापत नाहीत की ती बाहेर पडेल. ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरच्या तळाशी साठते. चोक ओढलेला असला तर कच्चं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. शिवाय उभ्या गाडीच्या फिन्सना (इंजिनावरच्या पात्यांना) वारा नाही, म्हणजे बाहेरून हेड तापतंय आणि आत ऑइल अजून थंड. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा. महिना-दोन महिने जमणार नसेल तर टाकी पूर्ण भरा, पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटरचे बाउल रिकामे करा आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर (तिचा चार्ज टिकवणारा) लावा.

प्रश्न : हात काळे करायची मला अजिबात हौस नाही, पण तो आवाज आणि ती ठेवण आवडते. मला काय सुचवाल?

उत्तर : मग जुनी घेऊ नका. एअर-कूल्ड आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्या गाड्या आहेत. कावासाकी डब्ल्यू ८०० बघा, किंवा रॉयल एनफिल्डची ६५० ट्विन, जी हवा आणि ऑइल दोन्हींवर थंड होते. ट्रायम्फची नवी बॉनव्हिल २०१६च्या मॉडेलपासून लिक्विड-कूल्ड झाली, तेव्हा त्या आधीची, इंजेक्शनवाली ८६५ सीसीची शोधावी लागेल. टॅपेट त्यांचेही तपासावे लागतात, पण ते सर्व्हिस सेंटरवाला करेल.