कॅथलिक माणूस सिनेमा-मालिका बघताना धर्म मध्ये आणतो का?

तुम्ही विचारलंय, की कोणते सिनेमे बघायचे याची यादी चर्च देतं का आणि बघताना आमची श्रद्धा आड येते का. मी वसईचा, जन्माने कॅथलिक, सिनेमाचा नाद लहानपणापासूनचा. त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस होईल.

यादी आहे, पण तुम्हाला वाटतेय तशी नाही. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ चित्रपट निवडले. धर्म, मूल्यं आणि कला या तीन गटांत १५-१५. बघावेत असे ते सिनेमे, बंदी घातलेले नव्हेत. त्यात ॲटनबरोंचा 'गांधी' आहे आणि बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानावरचा, म्हणजे येशूच्या जीवनकथेवरचा, पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा १९६४ चा चित्रपटही. पासोलिनी मार्क्सवादी, देव न मानणारा, तरी त्याचा येशू व्हॅटिकनला पटला! धाकाचा काळही होऊन गेला, नाही म्हणत नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये सिनेमावर परिपत्रक काढलं, त्यात वाईट सिनेमे न बघण्याची शपथ घेणाऱ्या अमेरिकी कॅथलिकांचं भरभरून कौतुक आहे. आज वसईत अशी शपथ कुणी घेत नाही.

मग मी काय बघतो? पडद्यावर रक्त किती आणि कपडे किती, हे मोजत बसत नाही. सिनेमा मला टाळी कुठे वाजवायला लावतो, तेवढं बघतो.

किश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीसाठी बायबलातल्या दहा आज्ञांवर दहा भाग केले. पाचवा भाग 'खून करू नको' या आज्ञेवर. एक तरुण टॅक्सीवाल्याला मारतो, आणि ते मारणं संपता संपत नाही. मग सरकार त्या तरुणाला फाशी देतं, तेही तितकंच अंगावर येतं. कुणाच्याच बाजूने टाळी वाजवता येत नाही. मृत्युदंड अमान्य आहे, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, केला. तो मला वाचून कळला त्याहून जास्त या तासाभरात कळला. उलट आपल्याकडे इन्स्पेक्टर कोर्टाची वाट न बघता गुंडाला उडवतो आणि थेटर शिट्ट्यांनी दणाणतं. रक्त कमी, पण माझ्या लेखी घातक हाच.

ही फूटपट्टी मी धार्मिक सिनेमालाही लावतो. २००४ चा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' आमच्याकडे पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रडत रडत बघितला जातो. येशूला फटके मारले, हे शुभवर्तमानांत जेमतेम एका वाक्यात येतं. या सिनेमात ते इतकं लांबतं की मला मार तेवढा दिसतो, मार खाणाऱ्याची क्षमा हातून निसटते. हे मत घरात कुणालाच मान्य नाही. त्यापेक्षा तेलुगूतून हिंदीत आलेला येशूवरचा 'दयासागर' भाबडा असला तरी मला जवळचा.

हिंदी सिनेमातले फादर हा वेगळाच विषय. नायक येऊन कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, गुन्हा कबूल करतो आणि पुढच्या सीनमध्ये फादर ते कुणाला तरी सांगून मोकळे! पापनिवेदनात ऐकलेलं फोडणारा फादर चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो. असा सीन आला की आमच्या घरात टीव्हीपेक्षा आमचाच आवाज मोठा. आणि ख्रिस्ती म्हटलं की बाटली, फ्रॉक आणि मोडकी हिंदी ठरलेली. लाल लुगडं नेसून मराठी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या वसईच्या म्हाताऱ्या कुठल्या पडद्यावर दिसतात सांगा.

मालिकांनी संध्याकाळच्या रोजरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, वेळ खाल्ली, ही फादरांची तक्रार खरीच. माझी तक्रार निराळी आहे. तिथे जाऊ वर्षानुवर्षं कारस्थानं करते, पकडली गेली की रडते, सून माफ करते आणि सोमवारी नवं कारस्थान सुरू. आमच्यात पापक्षमेला पश्चात्ताप लागतो, प्रायश्चित्त लागतं, चोरलेलं परत करावं लागतं. मालिकेतली माफी फुकटची, म्हणून माफ करणारी बावळट दिसते.

श्रद्धा आड येण्याचं म्हणाल, तर दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला. पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांना मनात राम-कृष्ण दिसत होते. त्यातूनच १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला. श्रद्धा आड आली असती तर ते उठून घरी गेले असते.

तुम्हाला काही बघायचं असेल तर किश्लोव्स्कीचे ते दहा भाग शोधा. कुठल्याही भागापासून सुरू केलं तरी चालतं. घरात लहान मूल असेल तर पहिला भाग मात्र जरा जपून.