महापालिकेची हद्द वाढवली की शहराची उत्पादकता वाढते का?

केवळ हद्द वाढवल्याने वाढत नाही. शहराचा आकार दुप्पट झाल्यास दरडोई उत्पादकता साधारण ३ ते ८ टक्क्यांनी जास्त आढळते, असे अर्थशास्त्रातील अनेक अभ्यास सांगतात. मात्र त्यातला काही वाटा कुशल माणसे मोठ्या शहरांकडे ओढली जातात याचाच असतो. शिवाय येथे ‘आकार’ म्हणजे नकाशावरचे क्षेत्रफळ नव्हे, तर लोकसंख्या किंवा रोजगार; आणि त्यातही उपयोगाच्या ठरतात त्या घरातून निघून साधारण तासाभरात गाठता येतील एवढ्याच नोकऱ्या.

पुण्याचेच पाहा. २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाल्यावर पुणे महापालिकेचे क्षेत्रफळ मुंबईपेक्षाही मोठे झाले, पण त्या दिवशी कोणाचाही कामावर जाण्याचा वेळ मिनिटानेही कमी झाला नाही. उलट हिंजवडीचे आयटी पार्क ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तेथे काम करणारा वाकडला म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेत किंवा बाणेरला म्हणजे पुणे महापालिकेत राहणारा. तिन्ही हद्दी रोज ओलांडणारी ही श्रमबाजारपेठ मात्र एकच आहे. म्हणून एकाच महापालिकेचे आकडे घेऊन उत्पादकता मोजणे मला चुकीचे वाटते. हद्दीचा खरा परिणाम रस्ते, पाणी आणि बससेवेच्या नियोजनावर होतो, कारण एका यंत्रणेने रुंद केलेला रस्ता दुसरीच्या हद्दीत शिरताच अरुंद झाला, तर कोंडीत गेलेले तास उत्पादकतेतूनच वजा होतात.