सीडीतली किडनी आणि तिसऱ्या वर्षाचा मुलगा

सोलापूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीआधी आजोबांची एक किडनी कॅन्सरमुळे काढावी लागली. स्कॅन सेंटरने दिलेली सीडी त्याने लॅपटॉपवर उघडली आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय: "स्कॅनवरून पेशंट किती जगेल हे सांगणारं एआय मी बनवणार." कॅम्पसमधली नोकरीही नको म्हणतो. डॉक्टर नसताना असं काम मिळतं का, की हे नुसतं खूळ आहे, असं आई विचारतात.

ताई, काम मिळतं. एमबीबीएस लागत नाही, पण रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून शिकायची तयारी लागते. आणि मुलाला वाटतं तितकं हे कोरं पान नाही. डॉक्टर हा अंदाज आजही बांधतात, तोही जवळजवळ फूटपट्टीने. गाठ किडनीतच असेल आणि ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टी१ए, ७ पर्यंत टी१बी, त्याहून मोठी असेल तर टी२, अशी कॅन्सरच्या स्टेजची नावं आहेत. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. स्टेज, आकार, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते) आणि गाठीतला मेलेला भाग यांवरून गुण देण्याची अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलची पद्धत २००२ सालची आहे. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न हा विचारा: "पट्टीला कळतं त्यापेक्षा जास्त काय सांगशील?"

जास्त सांगण्यासारखं आहे. सीटी स्कॅनमधला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा: पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास. शिरेतून डाय दिला की क्लिअर सेल जातीची गाठ सहसा झपकन उजळते, पॅपिलरी जातीची मंद राहते. गोम अशी की डायनंतर अर्ध्या मिनिटाने काढलेल्या आणि दीड मिनिटाने काढलेल्या स्कॅनमध्ये त्याच गाठीचे आकडे बदलतात. सेंटरागणिक ही वेळ वेगळी असली की कॉम्प्युटर गाठीऐवजी स्कॅन सेंटरच ओळखायला शिकतो! पन्नास-साठ पेशंट, शेकडो आकडे आणि वर 'अचूकता ९५ टक्के' अशी कॉलेजची पोस्टर्स मी खूप पाहिलीत. त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

खरी मेख मात्र चित्रात नाही, संख्याशास्त्रात आहे. समजा, एक पेशंट तीन वर्षं तपासणीला आला, मग गावी गेला, फोन नंबर बदलला. त्याला मेलेला धरायचं? चूक. यादीतून काढायचं? तेही चूक, कारण तीन वर्षं तो जिवंत होता हे आपल्याला पक्कं माहीत आहे. ही अर्धी माहिती न सांडता वापरायची याला सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्यातल्या दोन पायाभूत पद्धती: कापलान-मायर १९५८ची, कॉक्स मॉडेल १९७२चं. ही दोन नावं त्याला ऐकून माहीत नसतील तर एआयचं नंतर बघू.

आता परीक्षा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने 'किट्स' नावाच्या स्पर्धेसाठी किडनीच्या गाठींचे स्कॅन खुले केलेत. २०१९च्या पहिल्या फेरीतच २१० पेशंटचे स्कॅन गाठीच्या खुणांसकट दिले होते. स्कॅनवर खुणा आखायचं आयटीके-स्नॅप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. किट्समधले दहा स्कॅन घेऊन त्याने गाठीची कड स्वतः आखावी, एकेक काप करत, आणि मग तज्ज्ञांच्या खुणांशी ताडून पाहावं. गाठीशेजारी पाण्याची गाठ आली की कड कुठे संपते हे कळेनासं होतं, मान अवघडते, कंटाळा येतो. तिसऱ्या स्कॅनला त्याने लॅपटॉप मिटला तर तुम्हाला उत्तर मिळालं. दहाही पुरे केले तर मला परत लिहा.

कॅम्पसची नोकरी मात्र सोडू देऊ नका. पुढे शिकायचं तर गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते, आणि तिच्यात बायोमेडिकल, संख्याशास्त्र, डेटा सायन्स असे वेगळे पेपर आहेत. माझं मत विचाराल तर संख्याशास्त्राकडे झुकावं. मॉडेल चालवणारे पुष्कळ आहेत, ते खोटं बोलतंय हे ओळखणारे कमी.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. आजोबांची सीडी त्याने स्वतःच्या मॉडेलमध्ये घालू नये. अशी मॉडेल शंभर जणांबद्दल बोलतात, त्यांतल्या एकाबद्दल नाही, आणि पडद्यावर आलेला आकडा जेवणाच्या ताटावर घरभर फिरतो. त्यापेक्षा पुढच्या तपासणीला आजोबांबरोबर त्यालाच पाठवा. फाइल त्याच्या हातात द्या.