दवणा म्हणजे मरवा नव्हे, आणि त्याचा दवाशी काही संबंध नाही

नेरूळच्या एका ताईंनी विचारलं आहे : दवणा आणि मरवा एकच का, 'दवणा' हा शब्द 'दव'वरून आला का, आणि त्यांची आजी तो जंतांवर द्यायची ते बरोबर का?

एकच नाहीत! ठाण्यात जांभळी नाक्यावर दर चैत्रात कोणीतरी दवण्याची जुडी उचलून "हा मरवा केवढ्याला?" विचारतं, आणि दर चैत्रात माझं डोकं फिरतं. मरवा तुळशीच्या कुळातला, दवणा शेवंती-झेंडूच्या. मरव्याचं पान छोटं, अखंड, गोलसर. दवण्याचं बारीक चिरलेलं, राखाडी लव असलेलं. बोटांत चोळलंत तर पिकल्या फळासारखा गोडसर वास दुपारपर्यंत हाताला राहतो.

आता शब्द. संस्कृतात 'दमनक'. मराठीत येताना दोन स्वरांमधल्या 'म'चा 'व' झाला, 'न'चा 'ण', आणि शेवटचा 'क' गळून 'आ' उरला. खात्री हवी तर शेजारी आवळा ठेवा : आमलक, आवळा, दमनक, दवणा. जुळी भावंडंच! ग्रामचा गाव, श्यामलचा सावळा, कोमलचा कोवळा, सगळे याच वाटेने आले. 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी 'गांव', 'नांव' यांच्या डोक्यावर जो अनुस्वार असे, ती त्या हरवलेल्या 'म'चीच खूण.

'पहाटेचं दव पानांवर साचतं म्हणून दवणा' असं एका व्याख्यानात ठासून सांगितलेलं मी ऐकलं आहे. दव काय फक्त दवण्यावरच पडतं? हिंदीत हाच 'दौना' आणि दव म्हणजे 'ओस'. कानडीत 'दवन' आणि दव म्हणजे 'इब्बनी'. तिथे हे दव कुठून आणणार? व्याख्यात्यांनी शेजारच्या भाषेत एकदा डोकावायला हवं होतं.

दमनक म्हणजे दमन करणारा. पंचतंत्रातला धूर्त कोल्हा दमनक, तोही हेच नाव घेऊन निघाला आणि आठव्या शतकात अरबीत 'दिम्ना' झाला. एक दमनक बगदादला पोचला, दुसरा आपल्या गजऱ्यात! वनस्पतीला हे नाव का, याबद्दल माझं मत पक्कं आहे : तो बाकीच्या वासांचं दमन करतो. मोगऱ्याच्या पुडीत दवण्याची एक काडी टाका, संध्याकाळी मोगरा शोधावा लागतो. पुराणात मात्र शिवाच्या कोपातून जन्मलेल्या भैरवाची कथा सांगतात. चैत्र शुद्ध चतुर्दशीला दमनक चतुर्दशी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर दवणाच वाहतात.

हो, औषध राहिलं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दवणा तुरट, कडू, सुगंधी म्हटला आहे; खाज, कुष्ठ (त्वचेचे विकार), ग्रहणी (पचनाचा जुनाट विकार) यांवर सांगितला आहे. जंतांवर घरोघरी देत असत, पण लहान मुलाला किती द्यायचा ते वैद्यांनाच विचारा. आमची आजी तो वाळवून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायची, कसर लागू नये म्हणून.